दवाखान्यातली नोकरी

सोनीच्या आईस,

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा फोनवर तू दवाखान्यातली नोकरी धरू का असं विचारलंस आणि मी खेकसलो, "घरात काय कमी आहे?" खरं सांगतो, माझ्यासोबत खोलीत राहणारे बाकीचे वेल्डर ऐकत होते. ते हसतील म्हणून घाबरलो.

फोन ठेवल्यावर शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "माझी बायको सात वर्षं कारखान्यात शिवणकाम करते. तुम्ही हसाल म्हणून कधी बोललो नाही." दुसऱ्यानेही खाली मान घालून तेच सांगितलं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आई नको म्हणाली तर तिच्याशी मी बोलतो. ती नोकरी अजून आहे का? गेली असेल तर दोष माझाच.

मी फोनवर खेकसलो तेव्हा सोनी तुझ्याजवळच होती ना? तिलाही हे पत्र वाचू दे.

तुझा, 
शरमलेला मी