तीन नावांचा नातू

देवगाव रंगारी,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. अतुल यास,
सत्यभामा आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं आम्ही खुशाल. हरभरा घाट्यावर आलाय, गुडघा दुखतोय, चालायचंच.

साक्षरता वर्गात अक्षरं शिकले तवापासून मी विहारातल्या लायब्ररीतून खुनाची पुस्तकं आणते अन् दुपारी शेंगा फोडता फोडता बायांना वाचून दाखवते, हे तुला ठाऊकच. लिहिणाऱ्यांत मला वसुधाराजे आवडते, शेजारच्या भामाबाईला कॅप्टन समशेर. कोण भारी, यावरून आम्ही महिनाभर बोललो नाय. विरजणसुद्धा तिनं दुसरीकडून नेलं.

परवा वसुधाराजेच्या पुस्तकात फौजदार दारात वाकायचं विसरला अन् डोकं आपटून मटकन बसला. समशेरच्या फौजदाराचंही तेच झालं होतं. तिसरा लिहिणारा तो डी. कुमार, त्याचा तर चोरच तसा आपटून घावला! तिन्ही चौकटींना वरून चिंध्या गुंडाळलेल्या. अशी चौकट साऱ्या मुलखात एकच, आपली. तुझे आजोबा आपटायचे म्हणून मीच गुंडाळलेली. लबाडा, तिघंही तूच ना? मग लपलास कशापायी?

लोभ हाये तेवढा राहू दे, वाढला तर बरंच.
तुझी आजी

छत्रपती संभाजीनगर,
ता. १४ जानेवारी २०२५

ती. आजीस,
सविनय जयभीम. पत्र वाचून खूप हसलो.

व्हय, तिघंही मीच. चौदा वर्षांत नव्व्याण्णव पुस्तकं झाली. पहिल्या प्रकाशकानं आपलं आडनाव वाचलं आणि म्हणाला, हिवराळे नावाच्या लेखकाची रहस्यकथा कोण घेणार? त्यानंच मला कॅप्टन केलं. पुढं सवयच लागली. आता नवा प्रकाशक म्हणतो, शंभराव्या पुस्तकावर खरं नाव घालू. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. वाचक तुटतील, अशी भीती वाटते.

तुलाही फसवलं, रागावू नकोस. लिहायला बसलो की तुमच्या शेंगा फोडणाऱ्या बायाच समोर दिसतात. त्या जांभई देतील असं वाटलं, की मी मुडदा पाडतो.

माया कमी करू नये, ही विनंती.
तुझा अतुल

देवगाव रंगारी,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. अतुल यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि. राग कसला रे! तुझे लई उपकार हायेत. तुझी पुस्तकं नसती, तर शिकलेली अक्षरं मी कवाच विसरले असते.

भामाबाई म्हणाली, समशेरला ती जेवायला बोलावणार होती, अन् तो निघाला आमच्याच गल्लीत नागडा फिरलेला! मग आपणहून विरजण मागायला आली.

नावाचं म्हणशील तर, साठ वर्षं मी अंगठा उठवला. वर्गात पहिल्यांदा सत्यभामा हिवराळे लिहिलं अन् पाटी उशाशी घेऊन निजले. त्या नावाला भ्यायचं नसतं, बाळा.

परवा साऱ्या बाया लायब्ररीत गेलो. तुझी तिथं सव्वीस पुस्तकं हायेत. प्रत्येकावर अतुल हिवराळे लिही, असं लायब्ररीवाल्या संघपालला सांगितलं. तो म्हणाला, नियमात बसत नाय. भामाबाईनं त्याच्या हातात पेन दिला अन् दार अडवून उभी राहिली. सव्वीसच्या सव्वीस झाली. तवापासून गावातला एकही वाचक तुटला नाय, उलट पुस्तकांना नंबर लागलेत.

तर शंभराव्यावर नाव छापूनच येऊ दे. संघपालचं अक्षर लई वंगाळ हाये.

नातसून तनुजाला आशीर्वाद. आमच्यावर जीव असू द्या.
तुझी आजी,
सत्यभामा हिवराळे