टॉवेल डोक्यावर ठेवायचा असतो

६ सप्टेंबर, शनिवार
संकल्प केला. स्वतःच्या शरीराशी मैत्री करायची. माझ्यासाठी नाही, नयनासाठी. फेब्रुवारीत पुण्यात तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढावा लागला. माझी इथली सिस्टिम नेमकी तेव्हाच लाइव्ह जात होती, ओसाका सोडता आलं नाही. व्हिडिओ कॉल मात्र रोज केला. एप्रिलमध्ये आमच्या जुईला घेऊन परत आली, तेव्हापासून बाथरूमचं दार लावून कपडे बदलते. बिचारीला स्वतःच्या शरीराची लाज वाटते.

परवा एक पॉडकास्ट ऐकला. कपडे उतरले की भीतीही उतरते म्हणे, लोक त्यासाठी खास क्लब काढतात. आपल्याकडे तर सात मिनिटांवर सेंतो आहे, सार्वजनिक स्नानगृह. सगळे नागडे, कोणी कोणाकडे बघत नाही. चार वर्षांत एकदाही गेलो नाही, वेळच मिळाला नाही. आधी मी मोकळा होणार, मग तिला करणार. डेडलाइन: महिनाअखेर.

७ सप्टेंबर, रविवार
सेंतो बंद असेल म्हणून गेलो नाही. जुई म्हणाली, तो शुक्रवारी बंद असतो. नऊ वर्षांच्या मुलीला नसत्या चौकशा.

त्याऐवजी आरशासमोर पाच मिनिटं उघडा उभा राहिलो. चार मिनिटं. पोटाचं नंतर बघू.

१३ सप्टेंबर, शनिवार
गेलो. चपलांचा लॉकर, तिकीट, सगळं व्यवस्थित. चड्डी ठेवूनच आत शिरलो. आमच्याकडे नाशिकला वडील, काका, सगळे जन्मभर चड्डीतच आंघोळ करत आले, त्यात काय एवढं? स्टुलावर बसून साबण लावतोय, तोच काउंटरवरचे आजोबा रबरी बूट घालून आले आणि दोन्ही हातांची फुली करून म्हणाले की चड्डी चालणार नाही. सगळे म्हातारे वळून बघायला लागले. कोणी कोणाकडे बघत नाही, हे फक्त नागड्यांपुरतं खरं आहे. ओल्या चड्डीवर पँट चढवून घरी आलो.

नयना पोट धरून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मला लागलं, पण दाखवलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात मोरी-सानना विचारलं. ते म्हणाले, छोटा टॉवेल पुढे धरून चालायचं, पाण्यात उतरताना मात्र तो डोक्यावर ठेवायचा. मग बाकीचं कशाने झाकायचं, असं मी विचारलं. झाकायचं नाही, म्हणाले. थोडा वेळ आम्ही दोघंही प्रिंटरकडे बघत उभे राहिलो.

संध्याकाळी नयनाला स्वीकार या विषयावर सगळं समजावून सांगितलं. ती भेंडी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला लाज नाही वाटत रे, दार मी तुझ्यासाठी लावते. तू दिवा घालवल्याशिवाय जवळ येत नाहीस, आणि मेपासून तर हॉलमध्येच झोपतोस. मी म्हटलं, हॉलमधला एसी चांगला आहे. शिवाय माझं घोरणं.

याला डिनायल म्हणतात. पॉडकास्टमध्ये होतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार. सुट्टी
नयनाच म्हणाली, चला तिघं सेंतोला. ऑपरेशन झालेल्या बायकांना अंगावर घालायला खास कव्हर मिळतं, ते मागवू, दोन आठवडे थांबू, असं मी सुचवलं. ती थांबली नाही. जुईचा हात धरून बायकांच्या लाल पडद्याआड गेली. मी पुरुषांच्या निळ्या पडद्यापर्यंत गेलो. बीपी वाढल्यासारखं वाटलं. अशा वेळी गरम पाणी रिस्की. बाकावर बसून कॉफीचं दूध प्यायलो. दोन बाटल्या.

पाऊण तासाने दोघी आल्या. नयना रडलेली होती, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसला. जुईने अर्धं जपानीत सांगितलं की एका आजीबाईने आईची पाठ चोळून दिली आणि स्वतःच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. मग दोघी हसत बसल्या, एकीची भाषा दुसरीला येत नसताना. जुईने आईच्या व्रणावरून हातही फिरवला. मऊ आहे म्हणे.

एकूण प्लॅन यशस्वी. डेडलाइनच्या आधी.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळी नयनाने बाथरूममधून हाक मारली. दार उघडं होतं. म्हणाली, एकदा ये आणि बघ, मग संपलं. मला ऑफिसचा कॉल आला. म्हणजे येणार होता. गॅलरीत जाऊन फोन कानाला लावून उभा राहिलो. समोरच्या बाई गाद्या वाळत घालत होत्या, त्यांच्या चार गाद्या घालून झाल्या तरी मी तिथेच. आत आलो तेव्हा ती कपडे घालून कणीक मळत होती.

मला रडू आलं. खूप भीती वाटते. कामाचा ताण असणार. सोमवारी नक्की बघेन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
नयनाचं चेकअप. सोमवारी बघायचं जमलं नव्हतं, म्हणून आज हाफ डे टाकून सोबत गेलो. हॉस्पिटलचे फॉर्म मीच भरतो, तिला कांजी लिपी वाचता येत नाही. नाव, वय, अ‍ॅलर्जी. ऑपरेशनची तारीख मला पाठ आहे. खाली बाईच्या शरीराचं साधं रेखाचित्र, आणि सूचना: ऑपरेशन झालेल्या जागी गोल करा.

पेन थांबलं. व्हिडिओ कॉलवर उलटं दिसतं, कोणाचाही गोंधळ होईल. शिवाय चित्रातली बाई आपल्याकडे तोंड करून, म्हणजे तिची बाजू वेगळी. एवढा सगळा विचार करून मी चित्रातल्या बाईच्या उजव्या बाजूला गोल केला.

नयना बघत होती. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, माझा गोल खोडला आणि दुसऱ्या बाजूला केला. नंबर पुकारल्यावर मी उठलो, तर म्हणाली, तू बस.

डावी. लिहून ठेवतो आहे, म्हणजे विसरणार नाही.