नमनापर्यंतची कॅसेट

बाबा, मुंबईच्या गाण्यांच्या कंपनीनं परत धाडलेली तुमची कॅसेट परवा सापडली. पत्र्याच्या पेटीत, गौरीला नेसवायच्या साडीखाली. तुम्ही ती पुन्हा कधी वाजवली नव्हतीत, हो ना? शेजारच्या काकांकडनं टेप मागून आणला आणि लावली, तर ती मधूनच सुरू झाली. तुम्ही नमनात सांगताय, ढोलकीला कोण, झांजेला कोण, चाळ बांधून नाचणारे वाडीचे नऊ गडी कोणकोण. अगं बाई! पाठवताना साहेबांना त्रास नको म्हणून तुम्ही पेन्सिल घालून पट्टी अगदी सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळली होतीत. म्हणजे तो साहेब इथवर ऐकून थांबला आणि कॅसेट पाकिटात घातली. गाणं तर पुढंच होतं!

ती भरली तो दिवस मला अजून दिसतो. पडवीत तुम्ही मांडी घालून बसलाय, आई चुलीपुढनं ओरडते, "नमनाला घडाभर तेल! गाणं कवा म्हणताय?" तुम्ही तिच्यावर डाफरता, "गुरूला नि गावाला हात जोडल्याबिगर तोंड उघडायचा नसता." आपल्या नाचाची रीतच ती, पण मुंबईतल्या खुर्चीवरच्या माणसाला ती कशी ठाऊक असणार? मग टेप माझ्यापुढं ठेवून म्हणालात, "ऐक गो, कुठं लांबलाय काय सांग." आणि गोठ्याकडे गेलात. परत आलात तेव्हा मी म्हटलं, "नाय बाबा, झकास हाय."

कॅसेट परत आली त्या दिवशी तुम्ही एवढंच बोललात, "आपला गळा नाय त्यांच्या कामाचा." त्यानंतर गणपतीत ढोलकी वाजवलीत, पण तोंड उघडलं नाहीत. त्या साहेबाचा मला इतका राग यायचा की काय सांगू.

आता गंमत ऐका. मी औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. कॅन्टीनमध्ये तुमचं तेच, लहानपणी नाचात ऐकून पाठ झालेलं गाणं म्हटलं. पॅकिंगमधल्या मैत्रिणीनं मोबाईलवर घेतलं, पण तिच्या हातात वडापाव, म्हणून बटण उशिरा दाबलं. नमन गेलंच! गाणं थेट तुमच्या पहिल्या ओळीपासून. तेच फिरत फिरत मुंबईच्या एका म्युझिक कंपनीत पोचलं आणि तिथल्या मॅडमचा फोन आला. मला भारी कुतूहल, ही माणसं ऐकतात तरी कशी? वीर स्टेशनला गाडी पकडून मुंबईला गेले, विचारलंच. त्या म्हणाल्या, "ताई, रोज इतकी गाणी येतात. पहिल्या दहा सेकंदांत मन धरलं नाही तर पुढचं लावतो." मी नमनासकट गाऊन दाखवलं. त्या हसल्या. "हे काढा, मग रेकॉर्ड करू. सोमवारपर्यंत कळवा."

बाबा, तुमच्या गुरूंचं नाव, वाडीचं नाव, तुम्ही गेल्यापासून तुमचंही नाव त्यात, ते काढू कशी? आणि नाही काढलं तर तुमचं गाणं पुन्हा पेटीत. चार दिवस जेवण गेलं नाही. सोमवारी फोन करून म्हटलं, "नमन शेवटी घेतलं तर?" मॅडम म्हणाल्या, "शेवटी घ्या की. तिथवर कोण ऐकतंय!" म्हणून काल स्टुडिओत मी आधी गाणं म्हटलं आणि मग हात जोडले. काचेपलीकडे बसलेला माणूस तोवर चहाला गेला होता. तुम्ही रागावला असतात का? खरंच कळत नाही मला.

हे पत्र कुठं टाकणार, पेटीतच ठेवते. एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही गोठ्याकडे वळलात आणि मी टेप बंद करून सागरगोटे खेळायला पळाले होते. बाबा, मीही नमनापर्यंतच ऐकलं होतं.