पाण्यात पडलेले दाणे

आजी, तळ्याकाठी सगळेच तुम्हाला आजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पुण्याहून मिनेसोटाला शेतकीत पीएच.डी. करायला आलेला, पोहता न येणारा मी, आणि तुम्ही मला खुशाल होडीत बसवलंत. तुमचा भाऊ मागे उभा राहून लांब काठीने होडी रेटतोय. तुम्ही एका दांडक्याने जंगली तांदळाची ताटं होडीवर वाकवता, दुसऱ्याने हलकेच झटकता. निम्मे दाणे होडीत, निम्मे पाण्यात. माझा जीव कळवळला. "वाया जातंय हो," मी म्हणालो. तुम्ही डाफरलात, "तळ्याला दिलेलं वाया जात नाही. पुढच्या वर्षी काय उगवेल, तुझी डिग्री?"

दुपारी अंगणात, कढईत दाणे भाजता भाजता, तुम्ही तुमच्या ओजिब्वे लोकांचं, इथल्या मूळ रहिवाशांचं, सांगितलंत. पूर्वी तुम्ही पूर्वेला, खाऱ्या समुद्राकाठी होतात. पाण्यावर अन्न उगवतं तिथवर पश्चिमेला चला, अशी भविष्यवाणी झाली. पाण्यातून कवडी वर यायची आणि वाट दाखवायची. सात मुक्काम, कितीतरी पिढ्या, आणि मग हा तांदूळ दिसला. आमच्या देवीच्या गळ्यातही कवड्यांची माळ असते, असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "मग तू ओळखीतलाच." सबंध गोष्ट बर्फ पडल्यावरच सांगायची असते, तेव्हा ये, म्हणालात. मी झाडाच्या सालीच्या सुपात आईसारखं पाखडून दाखवलं आणि तुम्ही खळखळून हसलात. निघताना पिशवीभर तांदूळ दिलात.

त्याच सकाळी, तुम्हा दोघांची पाठ वळलेली असताना, झटकूनही दाणे न सोडणाऱ्या चार-पाच लोंब्या मी मोडून रुमालात बांधल्या होत्या. प्रयोगशाळेला तसंच बी हवं होतं. दाणा गळला नाही की बांधाच्या शेतात यंत्राने एकदम कापता येतो. ते जमलं, छानच जमलं. काही वर्षांत कॅलिफोर्नियापर्यंत शेतं झाली, पाकिटांवर होडीचं चित्र आलं आणि तुमच्या तळ्यावर तांदूळ विकत घ्यायला येणारा व्यापारी यायचा थांबला. होड्या काठावर पालथ्या पडल्या. नातवंडं शहरात कामाला गेली.

बर्फात यायचं मला कधी जमलंच नाही. दशक सरता सरता आलो तो बायकोला आणि तसलं एक पाकीट घेऊन. तुमचा तळ्यातला तांदूळ अर्ध्या तासात व्हायचा, त्यातला तुमच्या चुलीवर तासभर शिजत राहिला. बायको कुजबुजली, "यार, हा राइस अजून कच्चाच आहे." तुम्ही एक दाणा चावून पाहिलात. "हा पाण्याला काहीच देत नाही," तुम्ही म्हणालात. "कोणी शिकवलं याला?"

"युनिव्हर्सिटीतले लोक आहेत काही," मी म्हणालो.

त्या वर्षी बर्फ पडायच्या आधीच तुम्ही गेलात. आता मी रिटायर होऊन नेपरव्हिलला असतो. मुलगी म्हणते, "बाबा, इट वॉजन्ट जस्ट यू." खरंय तिचं, पण रुमाल माझा होता. आता यातलं काहीच भरून निघणार नाही. हे पत्र मी कुठेही नेऊन ठेवणार नाही. आणि आजी, लिहितोय तेही मराठीत. तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं, हे बघूनच मी लिहायला बसलो.