पालथी शिळा

४ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. पोचलो, आणि अजून पळालो नाही, हे आधी वाच. बाबा ज्या पुलाच्या डागडुजीला आले आणि ज्यावरून ओढ्यात पडून वाहून गेले, तोच हा पूल. आईला सांगू नकोस. पूल कसला, पाण्यात दगडांचे ढीग आणि त्यांवर माणसापेक्षा लांब शिळा. चुन्याचं बोटही नाही.

मधली शिळा झिजून परातीसारखी खोल झालेली, पाय सटकतो. मिस्त्री खाली उतरला होता, तेवढ्यात मी कामावरच्या पोरांना हाताशी घेऊन पहारींनी ती पालथी घातली. खरखरीत बाजू वर. शाबासकी मिळेल वाटलं, तर मिस्त्रीने कपाळावर हात मारला. इथे म्हणे झिजलेली बाजू वरच ठेवतात. पालथी घातली की आजवर वरून गेलेली माणसं खालून चालायला लागतात. मी पोट धरून हसलो.

तुझा लोभ आहेच, ओरडा तेवढा कमी कर.
तुझा,
भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ. पायाला भिंगरी होतीच, आता हातालाही आली का? मिस्त्रीचं ऐक. आई बरी आहे. बाबा गेल्यापासून दाराला कडी लावत नाही ती नाहीच. मांजर दूध पिऊन गेलं तरी म्हणते, ते आले तर दार वाजवायचे नाहीत, बाहेरच बसून राहतील. तिच्याशी भांडून मी थकले.

जिवाला जप, म्हणजे माझाही राहील.
तुझी अक्का

१९ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. हसू नकोस. दुपारी धुकं उतरलं की पुलावर कुणी नसतं, आणि पालथ्या शिळेखाली पावलं वाजतात. खूप जणांची. मधोमध येतात, परत फिरतात. त्यात एक पाऊल पडतं, दुसरं घासत येतं. उजवा पाय ओढत चालणारं आपल्या घरात कोण होतं, तुला सांगायला नको. मी शिळेवर पडून कान लावला. घासणं थांबलं. माझ्या कानाखालीच थांबलं.

मिस्त्री शिळा सरळ कर म्हणतो. पोरं काम सोडायला निघालीत. मी पहारीच लपवल्यात. सरळ केली आणि आवाज गेला तर?

धीर कमी पडतोय, थोडा पाठव.
भिंगरी

२७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. आ. तुझं पत्र आईच्या हाती पडलं. रडली नाही. उठली आणि दाराला कडी घातली. म्हणाली, ते तिथे आहेत तर इथे वाट कुणाची बघू. मग तुला निरोप दिला, की त्यांचा पाय दुखरा, त्यांना पाण्यात उभं ठेवू नकोस. तुला सोबत हवी म्हणून त्यांना अडकवू नकोस.

बंद दाराच्या घरात मला झोप येत नाही.
तुझी अक्का

३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. आज सकाळी पहारी बाहेर काढल्या आणि सगळ्यांनी मिळून शिळा सरळ केली. आवाज गेला. मी मान खाली घालून बसलो होतो, तर मिस्त्रीने खांदा हलवून दाखवलं. शिळेच्या मधोमधून ओली पावलं निघाली होती, दोन्ही काठांकडे. त्यातली एक जोडी, एक पाऊल पुरतं, एक फरफटलेलं, आपल्या गावाकडच्या काठाला उतरली आणि धुळीतून पुढे गेली. ऊन चढलं तरी वाळली नाहीत. मी वळणापर्यंत मागे गेलो. पुढे धाडस झालं नाही.

हे पत्र त्यांच्या आधी पोचलं तर आईला सांग, कडी काढ. बाबा दार वाजवायचे नाहीत.
तुझा,
भिंगरी