इंग्रजी ऐकू आली की तवा वाजवा

२ सप्टेंबर, सकाळी ९
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहिणार.
फ्रेंच उद्योग सहाय्य मंडळाचं पत्र आलं. चहूकडून इंग्रजीने वेढलेल्या आमच्या आन्स-ओ-मूएत या फ्रेंच गावातला मंडळाचा प्रतिनिधी मी, आल्फे तिमो. अकरा वर्षं झाली. पत्र असं की १४ ऑक्टोबरला तपासनीस येणार, दिवसभर गावात फिरणार आणि इथले धंदे खरोखर फ्रेंचमधून चालतात का ते बघणार. चालत असतील तर देल्फीनच्या भटारखान्याला मोठा फ्रीझर मंजूर.
देल्फीन माझी थोरली बहीण. बटाटे किसायचे, पिळून कोरडे करायचे, कोंबडीच्या रश्शात कालवून भट्टीत लावायचे, ही रापूर तिच्यासारखी कोणाला जमत नाही. जुना फ्रीझर मेलाय. नवा नाही मिळाला तर नाताळानंतर टाळं लावून मुलीकडे हॅलिफॅक्सला जाईन म्हणते. ती गेली तर रविवारी मी जेवायचं कोणाकडे, आणि मला बोलणार कोण.
निश्चय: फ्रीझर आणणारच.
ता. क. तपासनिसाचं आडनाव मॅकग्रॉ. म्हणजे फ्रेंच तपासायला इंग्रज. मंडळाची अक्कल.

५ सप्टेंबर
पाहणी केली. रोगाचं मूळ सापडलं: गॉर्डन.
गॉर्डन तीस वर्षांपूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायला आला आणि इथलाच झाला. भला माणूस. पण पोस्टात बारा जण फ्रेंचमध्ये गप्पा मारत असतात, हा दार उघडतो आणि बाराही जण इंग्रजीवर येतात. परक्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तो गेला तरी पाच मिनिटं गाडी रुळावर येत नाही. ही सभ्यता आपल्याला बुडवणार. गावात अपवाद मी एकटा.
येताना गॉर्डन भेटला. हवापाण्याचं बोललो. इंग्रजीत, पण ते सरकारी काम धरायला हरकत नाही.

८ सप्टेंबर
प्लॅन सुचला. अंघोळ करताना.
पंधरा ऑगस्टला, इथल्या आम्हा फ्रेंच लोकांच्या सणाला, आम्ही तवे-पातेली बडवत गावभर फिरतो, आम्ही अजून आहोत हे सगळ्यांना कळावं म्हणून. त्यामुळे प्रत्येक घरात एक पोचे आलेला तवा तयारच असतो. नवा नियम: कोणाच्याही तोंडून इंग्रजी ऐकू आली की तवा वाजवायचा. माणूस शरमेनेच सुधारतो.
देल्फीनला सांगितलं. ती म्हणाली, आल्फे, तुला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं रे. तिला मोठे विचार झेपत नाहीत.

१२ सप्टेंबर
पहिली तालीम. पोस्टात दुपारपर्यंत तवे थांबले नाहीत. पोस्टमास्तरीणबाई कानात कापूस घालून तिकिटं विकत होती. आवाज ऐकून गॉर्डनही घरून पातेलं घेऊन आला आणि सर्वात जोरात बडवू लागला. त्याला वाटलं सण आहे. त्याला नियम समजावून सांगितला, तर लोक आणखी जोरात वाजवू लागले. उत्साह दांडगा.

२० सप्टेंबर
गाव सुधारतंय. आता गॉर्डन आला तरी लोक फ्रेंच सोडत नाहीत. तो बिचारा गप्प उभा राहून ऐकतो आणि हसतो. वाईट वाटतं.
देल्फीनची तक्रार: सकाळी तू आत आलास तेव्हा मी तीनदा तवा वाजवला, आणि तू कौतुकाने मान डोलावलीस. म्हटलं, सराव चांगला आहे, पण विनाकारण वाजवू नये.

३० सप्टेंबर
स्वागताचं भाषण तयार. अकरा पानं, अस्सल फ्रेंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. चौथ्या पानावर मलाच रडू आलं.

११ ऑक्टोबर
गॉर्डनची सोय लावली. १४ तारखेला माझ्या हीटरचा भाग आणायला यार्मथला पाठवतोय. हीटर ठणठणीत आहे. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण अडखळत होता, म्हणून मीच त्याचं वाक्य पुरं केलं.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
विजय.
मॅकग्रॉ दहाला आले. दाट धुकं. उंच माणूस, लाल केस. दारातच काहीतरी बोलायला लागले, पण पाहुण्याला कष्ट पडू देणं आमच्या रक्तात नाही. मी लगेच त्यांना मोकळं केलं. दिवसभर संभाषणाची सगळी जबाबदारी माझ्यावर घेतली. भाषण खिशातच ठेवलं. मॅकग्रॉ नावाच्या माणसाला अकरा पानं फ्रेंच ऐकवणं म्हणजे छळ.
आणि स्वागत काय वर्णावं. आम्ही पोस्टात शिरलो, तवे. चर्चच्या पायऱ्यांवर, तवे. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून तवा घेतला. लोकांना ऑगस्ट-ऑक्टोबर कळेनासं झालंय, पण प्रेम खरं. मी हात हलवत होतो. मॅकग्रॉ प्रत्येक ठिकाणी वहीत टिपत होते.
देल्फीनने तर तवा माझ्या कानाशीच वाजवला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आनंदाचं असणार.
एकच विघ्न. धुक्यामुळे गॉर्डन अर्ध्या वाटेतून परत आला होता आणि देल्फीनकडे बटाटे सोलत बसला होता. मी गाडीचे दिवे बंद करायला बाहेर गेलो, येतो तर तो आणि मॅकग्रॉ पोट धरून हसतायत. कोणत्या भाषेत ते कळलं नाही. इंग्रजीतच, दुसरी कोणती. मी पटकन मधे पडलो आणि परिस्थिती सावरली.
मॅकग्रॉंनी रापूर तीनदा घेतली. फ्रीझर आलाच समजा.

२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला.
देल्फीनला फ्रीझर मंजूर. गावात फ्रेंच जोमात आहे, पाहुण्यासमोरही लोक ती सोडत नाहीत, असं लिहिलंय. खाली एक ओळ: दिवसभरात इंग्रजी बोलणारी एकच व्यक्ती आढळली, मंडळाचा प्रतिनिधी.
दोनदा वाचलं. सहीत पूर्ण नाव आहे, युलिस मॅकग्रॉ. देल्फीन म्हणते, ते ट्राकादी गावचे. तिकडे मॅकग्रॉंची अख्खी आळी आहे, कधीकाळी कोणी आयरिश आजोबा येऊन फ्रेंच घरात जावई झाला, तेव्हापासून घरात फ्रेंचच. त्यांना इंग्रजी धड येतही नाही. दिवसभर हा गृहस्थ काय बोलतोय असं त्यांनी तिला दोनदा विचारलं.
मंडळाकडे खुलासा पाठवणार. सभ्यता हा गुन्हा आहे का?

१६ नोव्हेंबर
खुलाशाला उत्तर: आभार. प्रतिनिधीपदी नवी नेमणूक, गॉर्डन.
त्याला फ्रेंच येते. बावीस वर्षांपासून. देल्फीनने विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, बाई, तुम्ही कोणी बोलू दिलंत कधी? मी तोंड उघडलं की आल्फे वाक्य पुरं करतो.

९ डिसेंबर
देल्फीनकडे कामाला लागलो. बटाटे पिळतो. नवा फ्रीझर भिंतभर आहे. तिने हॅलिफॅक्सचं नाव काढणं सोडलंय, आणि मला बोलणंही पूर्ववत चालू आहे. बरं वाटतं.
आज गॉर्डन ऑफिसच्या कामासाठी आला. वहीपेन घेऊन समोर बसला, आणि सावकाश, स्वच्छ फ्रेंचमध्ये विचारलं, आल्फेभाऊ, कसे आहात, मंडळाकडून काही मदत हवी आहे का?
मी म्हटलं, नो, नो, आय अ‍ॅम फाइन, थँक यू.
देल्फीनने मागे वळूनही न बघता तवा उचलला.