कावळा नेमका कशाला शिवला?

प्रिय सुधा,

सासूबाईंचे गुडघे तिकडे तरी दुखायचे थांबले का गं? मामंजींचा खोकला? आमच्या ह्यांनी कितीही लाडीगोडी लावली तरी साखर देऊ नकोस. आणि तुझा दमा? तिथे जिने नसावेत, एवढीच अपेक्षा.

इकडे सगळे धड आहेत, मी सोडून. काल पचमढीहून परतले ती डोकं तापवूनच. भाऊजींशी, म्हणजे तुझ्या नवऱ्याशी, बोलणं टाकलंय, म्हणून तुलाच लिहिते.

तुझ्या दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा फांदीवरून हलेना. भटजी म्हणाले, तिचं काय राहिलं असेल ते बोला. तर भाऊजी आणि मी एकाच वेळी बोललो! ते म्हणाले, मीनूला पुढे शिकवीन, लग्नाची घाई करणार नाही. मी म्हणाले, पचमढीच्या त्या जुन्या हॉटेलात तुझ्या नावानं राहून येईन. आणि कावळा शिवला. एकेकानं बोलायची अक्कल दोघांनाही नव्हती.

पचमढीला महादेवाच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा त्या इंग्रजांच्या वेळच्या हॉटेलाच्या फाटकाशी तू खिळून उभी राहिलीस. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या बघत म्हणालीस, "वहिनी, इथे बसावं आणि चहा दुसऱ्यानं आणून द्यावा." मी तुला ओढत धर्मशाळेत नेलं. वीस जणांच्या पोळ्या व्हायच्या होत्या ना! अजून रुखरुख लागते.

वर्षश्राद्ध झाल्यावर भाऊजींनी आपणहून तिथे दोन दिवसांसाठी खोल्या घेतल्या. ते, तुझी लेक मीनू आणि मी. मला वाटलं, माणूस हळवा झाला. छत एवढं उंच, की पंख्याचा वारा खाली येईपर्यंत दमतो. समोर सातपुड्याचं रान. चहा किटलीतून आला, तुझ्या वाटणीचाही मीच प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खुर्चीत रेलून म्हणाले, "चला वहिनी, सुधाची इच्छा पुरी झाली. आता मीनूचं नागपूरचं स्थळ पक्कं करतो. कावळा पचमढीला शिवला होता, माझ्या बोलण्याला नाही."

मीनू कप तसाच ठेवून आत गेली. एम.एस्सी.चा फॉर्म भरायचे चारच दिवस उरलेत तिचे.

मी म्हटलं, "भाऊजी, मग मी माझं बोलणं मागे घेते. बोलवा त्या कावळ्याला."

त्यांना हसू आलं. मला नाही.

तुझंही चुकलंच गं. जन्मभर "बघू, बघू" करत राहिलीस. लेकीसाठी काय हवं ते एकदा नवऱ्याला तोंडावर सांगितलं असतंस, तर आज आम्ही कावळ्याची साक्ष काढत बसलो असतो का?

असो. उद्या मी स्वतः मीनूबरोबर जाऊन फॉर्म भरते. घरात कुरबुर झाली तर ती अवधपुरीला माझ्याकडे राहील. भाऊजींना निरोप धाडलाय, सुधाला काय हवं होतं ते सुधाच लिहून कळवेल, आणि तिचं पत्र येईपर्यंत मीनूच्या लग्नाचा विषय निघणार नाही. हा माझा शब्द.

तेव्हा लवकर लिही. मी वाट बघतेय.

तुझी,
शांतावहिनी